शोभिवंत माशांच्या टाकीत मोठा मार्जारमीन

शोभिवंत मासे पाळणे हा शेतीला पूरक असा एक जोडधंदा आहे. घराच्या पडवीत काचेच्या चार टाक्या किंवा परसात सिमेंटचे दोन हौद एवढ्या साधनांवर त्याचा आरंभ करता येतो. गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश, गुरामी इत्यादी जातींची निगा घरातील स्त्रियांना व शाळेत जाणाऱ्या मुलांनाही राखता येते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही शोभिवंत मत्स्यसंवर्धनाचा समावेश करण्यात आला. त्यामुळे या धंद्याकडे वळणाऱ्यांना पडणाऱ्या अडचणी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

यांपैकी एक अडचण अशी की, टाकीतील लहान मासे दिवसेंदिवस कमी होत जातात, परंतु मेलेला मासा मात्र एकही सापडत नाही. रोगाने मासा मेला तर तो पाण्यावर तरंगतो किंवा तळाशी पडलेला दिसतो. येथे तसे काही दिसत नाही. पाणी स्वच्छ असते, उरलेले मासे चांगले खातात आणि तरीही महिन्याभरात टाकी निम्मी रिकामी होते. मग मांजरावर, पक्ष्यांवर, क्वचित शेजारच्या मुलांवरही संशय घेतला जातो. प्रत्यक्षात चोर टाकीतच असतो. दिवसभर कपारीत निपचित पडून राहणारा मिशाळ मासा रात्री हे काम करतो.

मार्जारमीन म्हणजे काय

तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा आणि अंगावर खवल्यांचा अभाव, या दोन लक्षणांवरून ओळखल्या जाणाऱ्या माशांच्या मोठ्या गटास मार्जारमीन म्हणतात. आपल्या नद्यांत व तलावांत आढळणारे शिवडा, शिंगाळा, मांगूर व शिंगी हे सर्व याच गटातील होत. त्यांच्या आकारात मात्र फार मोठे अंतर आहे. शिंगी साधारणपणे वीतभर ते फूटभर लांब होते. शिवडा मोठ्या नद्यांत दीड मीटरहून अधिक वाढल्याच्या नोंदी आहेत. परदेशातून आलेल्या मार्जारमिनांत कॉरिडोरससारखे पाच-सात सेंटिमीटरांचे निरुपद्रवी मासेही आहेत आणि दक्षिण अमेरिकेतील तांबड्या शेपटीच्या मार्जारमिनासारखे मीटरभर लांबीचे शिकारी मासेही आहेत. म्हणून ‘मार्जारमीन पाळावा की पाळू नये’ या प्रश्नास एकच उत्तर देता येत नाही. कोणता, केवढा आणि कोणाबरोबर, हे प्रथम पाहावे लागते.

ज्या शेतकऱ्यांनी तळ्यात कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडले आहे, त्यांस शिवड्याची ओळख नव्याने करून द्यावयास नको. बीज सोडण्यापूर्वी तळ्यातील शिवडा, मरळ, मांगूर इत्यादी भक्षक मासे काढून टाकावे लागतात. तळे आटवता येत नसेल, तर एक मीटर खोल पाण्याच्या एक हेक्टर तळ्यास सुमारे २,५०० किलोग्रॅम मोहाची पेंड याकरिता वापरली जाते. एवढा खर्च करून ज्या माशाला आपण तळ्याबाहेर घालवतो, त्याच माशाचे हातभर पोर मुलांनी नदीवरून आणले की कौतुकाने गप्पीच्या टाकीत सोडतो. हे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखेच होय.

रात्री टाकीत काय घडते

गप्पी, मॉली, गुरामी आदी मासे दिवसा हिंडणारे आहेत. अंधार पडला की ते पानवनस्पतींच्या आश्रयाने किंवा पृष्ठभागाजवळ जवळजवळ निश्चल होतात. बहुतेक मार्जारमिनांचा क्रम याच्या उलट आहे. दिवसा ते दगडाखाली, मुळांत अगर काठाच्या कपारीत दडून बसतात आणि दिवस मावळल्यावर बाहेर पडतात.

अंधारात शिकार साधण्याची त्यांची साधने उत्तम असतात. मिशांवर, आणि पुष्कळ जातींत अंगाच्या त्वचेवरही, चव जाणणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. त्यामुळे पाण्यात विरघळलेल्या अल्पशा गंधावरून व चवीवरून भक्ष्याचा माग लागतो. शरीराच्या दोन्ही बाजूंस असलेल्या पार्श्वरेखेने पाण्याची हालचाल कळते. इतर प्राण्यांच्या शरीरातून निघणारे अत्यंत क्षीण विद्युत्‌संकेत जाणण्याचीही शक्ती मार्जारमिनांना असते. अशा माशाला भक्ष्य दिसण्याची गरज नसते, तर झोपेत असलेल्या माशाला पळण्याचीही संधी मिळत नाही. दिवसा दोघे एका टाकीत शांतपणे नांदताना दिसतात, यावरून रात्रीविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, बहुतेक शिकारी मार्जारमीन भक्ष्याचे तुकडे करीत नाहीत, तर सबंध मासा गिळतात. म्हणूनच सकाळी टाकीत काटे, पर किंवा रक्त यांचा मागमूसही राहत नाही.

तोंडात मावेल तो गिळला जाईल

या सर्व विषयाचे सार एका वाक्यात सांगता येते: जो मासा मार्जारमिनाच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो. यात त्या माशाचा स्वभाव दुष्ट असण्याचा प्रश्न नाही. त्याच्या दृष्टीने सोबतचे लहान मासे हे अन्न आहे. पोटभर खाद्य घातल्याने धोका काहीसा कमी होईल, परंतु नाहीसा होणार नाही.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक लांबीवरून अंदाज बांधण्याची. सोबतचा मासा लांब असला तरी बारीक असेल, तर तो सहज गिळला जातो. पाहावयाची ती त्याच्या शरीराची पाठीपासून पोटापर्यंतची उंची, आणि तिची तुलना करावयाची ती मार्जारमिनाच्या उघडलेल्या तोंडाशी. शिवड्याच्या तोंडाची चीर डोळ्याच्याही मागे जाते, त्यामुळे त्याचे बंद तोंड पाहून खरा अंदाज येत नाही.

दुसरी चूक आजच्या आकारावरून निर्णय घेण्याची. समजा, आठ सेंटिमीटरांचे शिवड्याचे पिल्लू ६० गप्पींच्या टाकीत सोडले. प्रथम ते केवळ गप्पींची नवजात पिल्ले खाईल. ही हानी कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण पिल्ले किती झाली होती हेच ठाऊक नसते. पुढे ते वाढले आणि रात्री दोन गप्पी खाऊ लागले, तर ६० गप्पी संपण्यास एक महिना पुरे होतो. गप्पीची मादी साधारणपणे दर महिन्यास पिल्ले देते व त्या पिल्लांवरच या धंद्याचे उत्पन्न अवलंबून असते. म्हणजे एका माशाच्या कौतुकापायी मुद्दल आणि व्याज दोन्ही बुडतात.

विकत घेताना घ्यावयाची काळजी

दुकानात मिळणारे मोठ्या जातींचे मार्जारमीन बहुधा बोटभर लांबीचे असतात. त्या वयात ते देखणे दिसतात व स्वस्तही असतात. म्हणून विक्रेत्यास किमतीपूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा, तो म्हणजे ‘हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?’ नेहमी आढळणाऱ्या काही जातींची माहिती पुढे दिली आहे.

१. तांबड्या शेपटीचा मार्जारमीन: मूळचा ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील. वाढ अतिशय जलद. पूर्ण वाढ एक मीटरहून अधिक. लहान माशांबरोबर कधीही ठेवू नये.

२. पंगस: आग्नेय आशियातील मेकाँग नदीचा मासा. शार्क माशाशी काही संबंध नसता तो दुकानांत ‘शार्क’ या नावाने विकला जातो. दिवसाही कळपाने पोहतो. एक मीटरहून अधिक वाढू शकतो. बुजरा असल्याने लहान टाकीत काचेवर आदळून तोंड जखमी करून घेतो.

३. सकर: मूळचा दक्षिण अमेरिकेचा. अंगावर हाडासारखे कठीण पट्टे असतात. तोंड खालच्या बाजूस व चिकटणारे असते. तो शेवाळ खातो म्हणून घेतला जातो. परंतु काही जाती ४० ते ५० सेंटिमीटरांपर्यंत वाढतात. मासे गिळण्याची त्याला सवय नसली, तरी रात्री गोल्डफिशसारख्या मंद माशांच्या अंगावर चिकटून त्यांची बुळबुळीत त्वचा खरवडण्याचे प्रकार घडतात.

४. शिवडा व शिंगाळा: आपल्याच नद्यांतील शिकारी मासे. बोटभर आकाराचेही घरच्या टाकीत आणू नयेत.

५. मांगूर व शिंगी: आकाराने मध्यम, परंतु रात्री लहान मासे व पिल्ले खातात. हवेतून श्वास घेऊ शकत असल्याने कमी पाण्यातही तग धरतात. मांगूर ओलसर रात्री टाकीबाहेर पडून सरपटत जातो.

ज्यांना तळाशी उरलेले खाद्य टिपणारा मासाच हवा आहे, त्यांनी कॉरिडोरस घ्यावेत. पाच-सहांच्या गटाने ठेवल्यास ते सुखाने राहतात व मोठ्या माशांना उपद्रव देत नाहीत. शेवाळासाठी मासा हवा असल्यास दहा ते पंधरा सेंटिमीटरांपर्यंतच वाढणारी सकरची लहान जात निवडावी. कॉरिडोरसच्या परांना मात्र टणक काटे असतात. मोठ्या भक्षक माशाने तो गिळला, तर काटे घशात अडकून दोघेही मरतात. तेव्हा काटेरी मासा मोठ्या माशाबरोबर सुरक्षित राहील, ही समजूतही खरी नव्हे.

मोठा मासा ठेवावयाचाच असल्यास

काहींना मोठा मार्जारमीन पाळण्याची हौस असते. ती हौस पुरवावयाची असेल, तर त्याची सोय स्वतंत्र करावी. नेहमीच्या लहान टाकीची मापे ६०×३०×३० सेंटिमीटर असतात व तीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. मीटरभर वाढणाऱ्या माशाला निदान सहज वळता यावे म्हणून ३ मीटर लांब, १.२ मीटर रुंद व पाऊण मीटर खोल पाण्याचा हौद धरला, तरी त्यात २,७०० लिटर पाणी लागते. म्हणजे लहान टाकीच्या पन्नासपट. उन्हाळ्यात जेथे पिण्याच्या पाण्याची चणचण भासते, त्या गावी एका माशासाठी एवढे पाणी राखणे आणि बदलणे परवडेल काय, याचा विचार मासा आणण्यापूर्वीच करावा.

पाण्याचा प्रश्न केवळ जागेपुरता नाही. मोठा मासा जितके खातो तितकी घाण करतो. त्याच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया मिसळतो. टाकीतील उपयुक्त जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही माशांना विषारी आहेत, नायट्रेट त्या मानाने सौम्य आहे. नव्या टाकीत हे जिवाणू वाढण्यास काही आठवडे लागतात. म्हणून लहान टाकीत मोठा मासा ठेवला, तर जे लहान मासे त्याच्या तोंडातून वाचतात ते दूषित पाण्याने मरतात. गाळणी चालू असली तरी दर आठवड्यास सुमारे चतुर्थांश पाणी बदलावे. ब्लीचिंग पावडर टाकलेले पाणी लगेच वापरू नये. ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून क्लोरीन निघून गेल्यावरच टाकीत घालावे.

पुढील गोष्टीही पाळाव्यात:

१. हौदावर घट्ट जाळी बसवावी. ती मासा बाहेर पडू नये म्हणून जशी आवश्यक, तशीच पक्ष्यांपासून संरक्षणासाठीही.

२. माशास दिवसा दडून बसण्यासाठी रुंद नळकांडे किंवा दगडांची पक्की कपार करून द्यावी. दगड ढासळणार नाहीत असे रचावेत.

३. खाद्य दिवस मावळताना द्यावे. गांडुळे, कोळंबी, माशांचे तुकडे व तळाशी बसणारे तयार खाद्य चालते. वाढलेल्या शिकारी माशाला रोज खाद्य देण्याचे कारण नाही, आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे होते. उरलेले खाद्य सकाळी काढून टाकावे.

४. सोबतीस मासा हवाच असल्यास तो उंच अंगाचा, चपळ आणि मार्जारमिनाच्या पूर्ण वाढीनंतरही त्याच्या तोंडात न मावणारा असावा. विक्रीसाठी वाढविलेले मासे मात्र या हौदात कधीही सोडू नयेत.

५. औषध देताना सावध असावे. मॉलीसारख्या माशांना थोडे मीठ मानवते, खवले नसलेल्या मार्जारमिनांना मीठ व पुष्कळशी औषधे अधिक बाधतात. एकाच पाण्यात दोघांवर उपचार करणे यामुळेच कठीण होते.

६. मासा हाताने धरू नये. परांच्या काट्यांत जाळीही अडकते, म्हणून मोठ्या भांड्याने उचलणे सोयीचे. शिंगीचा काटा विषारी असून फार वेदना होतात. काटा लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा, पोळणार नाही याची काळजी घ्यावी व लगेच आरोग्य केंद्रात जावे.

मासे कमी होत असल्यास तपास

लहान मासे नाहीसे होत असल्यास प्रथम संध्याकाळी व सकाळी मासे मोजून नोंद ठेवावी. घट रात्रीच होते काय, हे तीन-चार दिवसांत कळते. रात्री टाकीजवळचे दिवे मालवून, तास-दोन तासांनी मंद तांबड्या प्रकाशात हालचाल पाहावी. मार्जारमिनाचे पोट सकाळी फुगलेले दिसते काय, याकडेही लक्ष द्यावे. संशय येताच त्यास वेगळ्या भांड्यात ठेवावे. त्यानंतर घट थांबली, तर कारण निश्चित झाले. याउलट मेलेले मासे दिसत असतील, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत असतील किंवा अंगावर पांढरे ठिपके असतील, तर पाणी व रोग यांचा विचार करावा. हा भेद न करता औषध ओतणे म्हणजे पैसा व मासे दोन्ही गमावणे होय.

नकोसा झालेला मासा तळ्यात सोडू नका

मासा टाकीत मावेनासा झाला की, त्याला मारण्यापेक्षा गावतळ्यात किंवा धरणात सोडून द्यावे, असे दयाळू माणसास वाटते. परंतु या दयेची किंमत सर्व गावाला मोजावी लागते. ज्या तळ्यात सहकारी संस्थेने विकत आणून बोटुकली सोडली आहे, तेथे एक शिकारी मासाही मोठे नुकसान करतो. परदेशी मासा तेथे प्रजननक्षम झाला, तर ते नुकसान कायमचे होते.

याची उदाहरणे आपल्या देशातच आहेत. आफ्रिकेतील मूळचा व ‘थाई मांगूर’ या नावाने ओळखला जाणारा मार्जारमीन झपाट्याने वाढतो, इतर मासे खातो आणि देशी माशांना धोका निर्माण करतो. केंद्र शासनाने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. सकर मासा हा तर शोभेच्या टाक्यांतूनच पसरला. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात आणि आंध्र प्रदेशातील जलाशयांत तो आढळतो. त्याच्या काटेरी, कठीण अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. विणीसाठी तो काठांत बिळे करतो, त्यामुळे काठ ढासळतात आणि हाती आला तरी त्याला बाजारात किंमत नसते.

देशी शिवडाही टाकीत ठेवल्यानंतर पुन्हा नदीत सोडणे इष्ट नव्हे, कारण टाकीतील परदेशी माशांचे रोग त्याच्याबरोबर नदीत जातात. शिवडा नदीत शोभतो व तेथे तो मोलाचा मासा आहे. जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानल्या गेलेल्या जातींत त्याचे नाव आहे. त्याची पोरे हौसेखातर पकडून न आणणे हेच त्याच्या व आपल्या हिताचे.

नकोसा मासा विक्रेत्यास परत द्यावा किंवा ज्याच्याकडे मोठा हौद आहे अशा पाळणाऱ्यास द्यावा. बंदी असलेली जात आढळल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे. मेलेला मासा ओढ्यात न टाकता पाण्यापासून दूर पुरावा.

कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे

शोभिवंत मासे पाळणाऱ्या कुटुंबास भेट देताना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: टाकीत मिशा असलेला मासा आहे काय, तो पूर्ण वाढल्यावर केवढा होईल, आणि तो वाढल्यावर त्याचे काय करावयाचे ठरविले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘तळ्यात सोडू’ असे आले, तर ते त्याच वेळी समजावून बदलणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. गप्पीच्या एका टाकीचे नुकसान काही महिन्यांत भरून निघते. परंतु गावच्या तळ्यात शिरलेला परका भक्षक मासा बाहेर काढणे फार कठीण असते, आणि तळे आटवता येत नसेल तेथे ते बहुधा शक्यच होत नाही.